माळ घातली की दारू आपोआप सुटते?

"पंढरीची माळ घातली की दारू त्याच दिवशी सुटते, औषध लागत नाही," असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो. माळेने पुष्कळ घरं सावरली, हे खरंच. पण रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावलेला असतो. ती एकदम तोडली की काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या 2 दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रमही होतो, काहींच्या जिवावर बेततं. ही श्रद्धेतली उणीव नव्हे. सकाळी घोट घेतल्याशिवाय हात स्थिरावत नसतील, तर आधी डॉक्टर. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारून खात्री करा. माळ गळ्यात राहू द्या. बायकोमुलांचा विश्वास मात्र सावकाश परततो. रोज हरिपाठाला शेजारी बसणं तिथे कामी येतं.