घराचा ‘आठ-अ’ नसतो: तलाठ्याचा आठ-अ आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८

“घराचा आठ-अ घेऊन या.” बँकेतले साहेब असंच सांगतात, वकिलाचा कारकून असंच सांगतो, सेतूतला मुलगाही असंच सांगतो. ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं तर तिथला शिपाईसुद्धा म्हणतो, “आठ-अ ना? उद्या या.” खरं तर घराचा आठ-अ नावाचा कागदच नाही. आठ-अ जमिनीचा असतो आणि तो तलाठ्याकडचा. घराचा म्हणून जो कागद मिळतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८. त्याला अ-ब-क काही नाही.

हे सांगितलं की लोक म्हणतात, “देणाऱ्याला कळतं की, कशाला कीस पाडता?” तोंडी मागता तोवर कळतं, हे खरं. पण लेखी अर्जात ‘आठ-अ मिळावा’ असं लिहिलंत की ग्रामपंचायत तुम्हाला बिनदिक्कत लिहून देऊ शकते की असा अभिलेख या कार्यालयात नाही. ते उत्तर खोटंही नसतं. तुमचा महिना मात्र गेलेला असतो.

त्यात सरकारने दोन्ही पदांची नावं बदलून भर घातली आहे. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवक आता ग्रामपंचायत अधिकारी. दोन वेगळ्या खात्यांची माणसं, पण पाट्या वाचून भाऊ-भाऊ वाटावीत अशी. मी इथे तलाठी आणि ग्रामसेवकच म्हणणार आहे; गावातही तेच म्हणतात.

आठ-अ शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगायला नको. कर्ज, पीकविमा, अनुदान, प्रत्येक ठिकाणी तो सातबाऱ्याच्या जोडीला लागतोच. सातबारा एका गटाचा, म्हणजे जमिनीच्या एका तुकड्याचा, आठ-अ एका खात्याचा. त्या गावात त्या खात्यावर कोणकोणते गट आहेत, क्षेत्र किती, आकारणी किती, हे एका पानावर येतं. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. एक, आठ-अ गावापुरता असतो; शेजारच्या गावात जमीन असेल तर तिथला वेगळा काढायचा. दोन, एकाच गावात एकाच माणसाची दोन खाती असू शकतात, एक स्वतःचं आणि एक भावांबरोबर सामाईक. अल्पभूधारकाच्या दाखल्याला एकच खातं जोडणारे महाभाग दर हंगामात भेटतात.

आणखी एक बारीक गोष्ट, कारण घोळाचं एक मूळ तिथे आहे. आठ-अ वर ‘स्थानिक कर’ असा रकाना असतो आणि त्याखाली ‘जि. प.’ आणि ‘ग्रा. पं.’ असे दोन पोटरकाने. ते ‘ग्रा. पं.’ वाचून कित्येकांना वाटतं की हा ग्रामपंचायतीचाच कागद. तसं नाही. जमीन महसुलावर जिल्हा परिषदेचा आणि ग्रामपंचायतीचा जो उपकर बसतो, तो तिथे लिहिलेला असतो. घराशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आता नमुना ८. त्याचं पूर्ण नाव ‘कर आकारणी नोंदवही’, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की हे पूर्ण नाव लोकांनी एकदा नीट वाचावं. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्यातल्या अधिकाराने ग्रामपंचायत इमारती आणि मोकळ्या जागांवर कर बसवते. कोणत्या मालमत्तेवर किती कर बसवला ते नमुना ८ मध्ये, वर्षाची मागणी किती आणि वसूल किती ते नमुना ९ मध्ये, आणि पैसे भरल्यावर तुमच्या हातात पडते ती पावती म्हणजे नमुना १०. तिन्ही मिळून वसुलीचं दप्तर. यात मालकी ठरवण्याचं काम कुठेच नाही.

ग्रामसेवकाकडून उतारा घ्याल तेव्हा त्यातले दोन रकाने शेजारीशेजारी ठेवून वाचा. एक ‘मालकाचे नाव’, दुसरा ‘भोगवटा करणाऱ्याचे नाव’. ग्रामपंचायतीलाच माहीत आहे की घर एकाचं आणि राहणारा दुसरा असू शकतो, आणि तिला कर कोणाकडून तरी घ्यायचा आहे. म्हणून दोन्ही नावं लिहून ठेवतात. पुष्कळ उताऱ्यांत दोन्हीकडे एकच नाव असतं, किंवा दुसऱ्या रकान्यात नुसतं ‘स्वतः’ असतं. काही ठिकाणी पहिल्या रकान्यात ‘सरकार’ किंवा ‘गायरान’ असतं आणि दुसऱ्यात आपल्या माणसाचं नाव. तरी तो माणूस छातीठोकपणे सांगतो, “घर माझ्या नावावर आहे.” नावावर आहे ती घरपट्टी. विजेचं बिल ज्याच्या नावाने येतं त्याला कोणी घराचा मालक म्हणत नाही. मग घरपट्टीच्या बाबतीतच ही श्रद्धा कुठून आली?

श्रद्धा कुठून आली हे मला ठाऊक आहे, आणि तिच्यात लोकांची सगळी चूकही नाही. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. सातबारा शेतजमिनीचा, गावठाणातल्या जागांची वेगवेगळी मोजणीच पुष्कळ गावांत झालेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या घराचा म्हणून एकच सरकारी शिक्क्याचा कागद लोकांकडे होता, तो म्हणजे हा नमुना ८. वाटणी झाली की तो दाखवायचा, भांडण झालं की तो दाखवायचा, घरकुलाला तोच जोडायचा. दुसरा कागदच नसल्यावर आहे तोच मोठा होतो.

पण कोर्टात गेल्यावर तो मोठा राहत नाही. सातबाऱ्यावरची नोंददेखील शेवटची मालकी नव्हे, हेही इथेच सांगतो, नाहीतर सातबारावाले उगाच फुशारतील. तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे, अधिकार अभिलेखातली (सातबारा त्यातलाच) आणि प्रमाणित फेरफारातली, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदवहीतली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. फेरफाराला नोटीस निघते, हरकतीला मुदत असते, मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. नमुना ८ मागे असं गृहीतक उभं नाही. तिथे अर्ज येतो, मासिक सभेत ठराव होतो आणि नाव बदलतं. ठराव करणारे सदस्य मालकीचा निवाडा करायला बसलेले नसतात. कुणाच्या पावतीवर कुणाचं नाव, एवढंच ते ठरवतात.

याचा फायदा कोण उचलतं, तेही बघा. शहराच्या आसपास रस्त्याकडेला फलक लागतात, ‘गुंठेवारी प्लॉट, ग्रामपंचायत आठ-अ नावावर करून मिळेल’. या एका ओळीत दोन थापा आहेत. पहिली आपण पाहिली, असा कागदच नाही. दुसरी थाप महाग पडते. जमिनीचे बारीक तुकडे पाडायला आळा घालणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. प्रमाणभूत क्षेत्राखालच्या, म्हणजे ठरवलेल्या किमान क्षेत्राहून लहान तुकड्याचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे सरळ होत नाही, म्हणून विकणारा स्टँपपेपरवर नोटरी करून देतो आणि ग्रामपंचायतीत नोंद लावून देतो. घेणाऱ्याला वाटतं काम झालं. पण १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात १८८२ पासून लिहिलेलं आहे. सातबाऱ्यावर मूळ मालकच राहतो. त्याची मुलं मोठी झाली की येऊन उभी राहतात. तुकडेबंदीत सरकारने अलीकडे काही भागांना सवलत दिली आहे, पण सवलत मिळाली म्हणून जुनी नोटरी आपोआप खरेदीखत होत नाही. नमुना ८ वर नाव लावून देणाऱ्या दलालाला एकच विचारा: “सातबाऱ्यावर माझं नाव कधी लागेल?”

गावठाणातल्या घराला खरा उपाय आहे तो मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. ती ना तलाठ्याकडे, ना ग्रामसेवकाकडे. ती भूमी अभिलेख खात्याची, तालुक्याच्या उपअधीक्षक कार्यालयातली. मोठ्या गावांची मोजणी आधीच झालेली होती. उरलेल्यांसाठी ड्रोनने गावठाण मोजायची पद्धत पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत आधी करून पाहिली. देशभरची स्वामित्व योजना त्यानंतरची, २४ एप्रिल २०२० ची. तुमच्या गावात मोजणी होऊन सनदा वाटल्या असतील तर घरासाठी आधी मिळकत पत्रिका पाहा. आणि मोजणी-चौकशीच्या वेळी पत्रिकेवर चुकीचं नाव गेलं असेल तर नमुना ८ दाखवून ग्रामसेवकाशी वाद घालू नका. त्याच्या हातात काही नाही. अर्ज भूमी अभिलेखला द्यायचा.

वारसांचंही असंच होतं. वडील गेले, तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज दिला, फेरफार झाला, सातबारा-आठ-अ वर भावाबहिणींची नावं आली. घरातले निश्चिंत. पाच-सहा वर्षांनी घरपट्टीची पावती वडिलांच्याच नावाने येते तेव्हा आश्चर्य करतात. तलाठ्याचं दप्तर ग्रामसेवकाला काही कळवत नाही आणि उलटही नाही. दोन अर्ज, दोन ठिकाणी. तलाठी तहसीलदाराच्या हाताखाली, ग्रामसेवक गटविकास अधिकाऱ्याच्या. तक्रारीचा जिनाही म्हणूनच वेगळा. बहिणीचं नाव सातबाऱ्यावर आहे आणि नमुना ८ वर नाही, यावरून तिचा घरातला हक्क गेला असं सांगणाऱ्या भावांना तर माझ्याकडे उत्तर एकच: तो वसुलीचा कागद आहे, भाऊसाहेब.

आता मिळवायचं कसं.

आठ-अ सोपा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, पण तो पाहण्यापुरता. कामाला डिजिटल सहीचा काढायचा, फी १५ रुपये. त्यावर तलाठ्याची सही-शिक्का लागत नाही. तरी काही कार्यालयांत “यावर तलाठ्याची सही आणा” म्हणणारे बसलेले आहेत. त्यांना खालचा मजकूर बोट ठेवून वाचून दाखवावा. फुकटच्या छापील पानाची झेरॉक्स जोडून वर भांडणाऱ्यांचीही मी बाजू घेणार नाही. जुने, हाताने लिहिलेले उतारे आणि फेरफार हवे असतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज.

नमुना ८ साठी ग्रामपंचायतीतच जायचं. गावाचं नाव, मालमत्ता क्रमांक आणि वर्ष द्या. मालमत्ता क्रमांक घरपट्टीच्या पावतीवर सापडतो. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली ही अधिसूचित सेवा आहे, मुदत ५ दिवस, फी २० रुपये. “आधी थकबाकी भरा, मग उतारा” हे सर्रास ऐकू येतं. घरपट्टी भरावी, याबद्दल वाद नाही. पण येणे बाकी नसल्याचा दाखला ही त्याच यादीतली वेगळी सेवा आहे. मी उतारा मागतोय, दाखला नाही, हे शांतपणे सांगायचं आणि अर्जाची पोच घ्यायची. पोच नसलेला अर्ज म्हणजे गप्पा.

आजचा उतारा हवा असेल तर माहिती अधिकाराच्या वाटेला जाऊ नका. पाच दिवसांच्या कामाला तीस दिवस कशाला लावायचे? माहिती अधिकार उपयोगी पडतो तो नाव कसं बदललं हे शोधायचं असेल तेव्हा. चुलत्यांचं नाव जाऊन तिसऱ्याचंच लागलं, तर नुसता उतारा काही सांगत नाही. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून कैफियत नको. असं लिहा:

‘मौजे अमुक येथील मालमत्ता क्रमांक अमुक याची सन अमुक ते सन अमुक या वर्षांची ग्रामपंचायत नमुना ८ (कर आकारणी नोंदवही) मधील नोंद, त्या काळात नाव बदलण्यासाठी आलेला अर्ज व त्यासोबतची कागदपत्रे, आणि त्याबाबतचा मासिक सभेचा ठराव, या सर्वांच्या प्रमाणित प्रती.’

‘नाव का बदलले’, ‘खरा मालक कोण’ असले प्रश्न घालू नका. दप्तरात जे आहे ते द्यायला अधिकारी बांधील आहे, मत द्यायला नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. मुदत उलटून गेली असेल तर माहिती फुकट द्यावी लागते. आणि ठरावाचं पुस्तक गहाळ आहे असं तोंडी सांगितलं, तर ते वाक्य लेखी मागा. सार्वजनिक अभिलेख सांभाळण्यासाठी महाराष्ट्रात २००५ चा कायदा आहे, त्यात शिक्षेची तरतूद आहे. लेखी मागितलं की बरीच पुस्तकं कपाटामागून निघतात.