उत्पन्नगट (देशांचे)

दरडोई राष्ट्रीय उत्पन्न पाहून जागतिक बँक देशांची जी वर्गवारी करते, त्यातील गट. अल्प, निम्न-मध्यम, उच्च-मध्यम आणि उच्च असे हे चार गट असून दरवर्षी १ जुलैला यादी नव्याने लागते. २०२५ च्या यादीत १,१३५ डॉलरपर्यंतचे देश अल्प, ४,४९५ पर्यंतचे निम्न-मध्यम, १३,९३५ पर्यंतचे उच्च-मध्यम आणि त्यापुढचे उच्च गटात आहेत. २००७ च्या उत्पन्नावरून भारत अल्प गटातून निम्न-मध्यम गटात आला व अजून तेथेच आहे.

या गणितात खरा प्रश्न ‘डोई’ कुठे मोजायची हा आहे आणि कोकणाइतका तो दुसरीकडे क्वचितच ठळक दिसतो. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गातही घटच झाली. त्याच दशकात कोकण विभागातलाच ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांवर गेला. रत्नागिरीत २०११ साली हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हा आकडा म्हणजे मुंबईला गेलेले चाकरमानी आणि मागे घर, शेत, म्हातारी माणसे सांभाळणाऱ्या बाया. गावातल्या कित्येक जांभ्याच्या घरांची कुलपे गणपतीला उघडतात आणि पाहुणचार उरकला की पुन्हा लागतात. म्हणून तर या अर्थव्यवस्थेला मनीऑर्डरची अर्थव्यवस्था असे नाव पडले.

मनीऑर्डर मुंबईहून आली काय किंवा घाटावरून आली काय, पैसा देशातलाच. आखाताचे तसे नाही. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरून कुवेत, कतार, दुबईला गेलेला माणूस वर्षाहून अधिक काळ तेथे राहिला, की तो तिथला रहिवासी धरला जातो. हे देश उच्च गटातले; तिथल्या सरासरीच्या भागाकारात त्याची डोई धरली जाते, मग त्याचा स्वतःचा पगार कितीही तुटपुंजा असो. तो घरी पाठवतो ती रक्कम मात्र भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नात येत नाही; ती हस्तांतरण (मोबदल्याविना आलेला पैसा) म्हणून वेगळी, ‘विनियोज्य’ म्हणजे खर्चायला वा साठवायला हाती असलेल्या उत्पन्नात मोजली जाते. थोड्या महिन्यांसाठी जाऊन आलेल्याची मजुरी तेवढी राष्ट्रीय उत्पन्नात धरतात. ज्या पैशावर घराला स्लॅब पडला, पोरीचे शिक्षण झाले, तो पैसा देशाचा गट ठरवताना बाहेरच राहतो, आणि ही या वर्गवारीची मोठी उणीव मानायला हवी.