चिठ्ठीवर नुसतंच ‘बॉम्बे’

ठाणे खाडीच्या काठी कोणता कोळी, कोणता विंचू नेमका कुठे राहतो, हे शोधायला बसलं की आधी रेजिनाल्ड पोकॉककडे जावं लागतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या या अभ्यासकाने १९०० साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या अष्टपादांवर, म्हणजे कोळी-विंचवांसारख्या आठ पायांच्या प्राण्यांवर, जाडजूड ग्रंथ लिहिला. इथून नमुने गोळा करणाऱ्यांत हौशी मंडळीच जास्त. १८८३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव एच. एम. फिप्सन हे त्यांतलं मोठं नाव. पुढचे पाय चाबकासारखे लांब असलेला, चपट्या अंगाचा एक अष्टपाद आजही ‘फ्रायनिकस फिप्सोनी’ म्हणूनच ओळखला जातो.

अडचण आहे ती जागेची. जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर बरेचदा एकच शब्द असतो, ‘बॉम्बे’. म्हणजे शहर, की सिंधपासून कारवारपर्यंतचा अख्खा मुंबई इलाखा? प्राणी डोंगरउतारावर मिळाला की खाजणात? नाव पक्कं, पत्ता मोघम. मला या इतिहासात सगळ्यात जास्त सलतं ते हेच. नाव चुकलं तर पुढे कुणीतरी दुरुस्त करतं, पण हरवलेला पत्ता परत मिळत नाही.

नंतर भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या बी. के. टिकादार यांनी कोळ्यांवर आणि १९८३ मध्ये बस्तावडे यांच्यासह विंचवांवर खंड काढले. त्याच काळात इथला काठच बदलत होता. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला, आणि शेतं, मिठागरं, खाजणं भरून नोड, म्हणजे नव्या शहराच्या वसाहती, उभे राहिले.

खाडीकाठी नुसती जागा लिहूनही भागत नाही, भरती-ओहोटीही लिहावी लागते. डेसिस हा समुद्रकोळी भरतीच्या वेळी दगडाच्या फटीत किंवा रिकाम्या शिंपल्यात रेशमाचं दार लावून कोंडलेल्या हवेवर बसून राहतो, आणि पाणी उतरलं की शिकारीला निघतो. चुकीच्या वेळी गेलात तर किनारा रिकामाच दिसणार. काही कोळी समोर असूनही दिसत नाहीत. लांब जबड्यांचा टेट्राग्नाथा चार पाय पुढे, चार मागे ताणून काडीला असा चिकटतो की बोट लागेपर्यंत काडीच वाटते.

ठाणे-कल्याण परिसरातून २०२१ मध्ये उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात जाहीर झाली आणि हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्यावरून तिला ‘आयसियस तुकारामी’ नाव मिळालं. एवढ्या गजबजलेल्या भागात, इतक्या उशिरा! खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. फ्लेमिंगोंची मोजणी होते. त्याच चिखलातल्या अष्टपादांसाठी निदान एवढी चिठ्ठी तरी हवी: ऐरोली, तिवराची फांदी, चिखलापासून दोन फूट, ओहोटी, सकाळचे सात.