गुग्गुळ : बियांपासून रोपनिर्मिती

(हिं. गुग्गुल, गु. गूगळ, लॅ. कॉमिफोरा वाइटी, कुल–बर्सेरेसी). रुक्ष प्रदेशातील काटेरी, पानझडी झुडूप. साल कागदासारखी सुटते; फुले बारीक, तांबूस. मुख्य आढळ राजस्थान, गुजरात, सिंध व बलुचिस्तानात. जुन्या ग्रंथांत खानदेश-वऱ्हाडचाही उल्लेख येतो. डिंकासाठी खोल खाचा पाडल्याने झुडपे वाळत गेली. धोक्यातील जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत २०१५ पासून ही जाती अतिसंकटग्रस्त गणली जाते. सोलापूर-अक्कलकोट भागात वीरशैव-लिंगायत घरांतून लग्नकार्यात वीरभद्राचा गुग्गुळ (धार्मिक मिरवणूक) काढण्याची प्रथा सर्वश्रुत आहे.

बीजधारणा : बहुतेक ठिकाणी मादी झुडपेच आढळतात, नर क्वचित; तरीही फळे धरतात. १९९६ मधील एका अभ्यासानुसार या झुडपांत परागणाविना (अलैंगिक) भ्रूण तयार होतात व ते बीजांडाच्या प्रदेहातून, म्हणजे मातृऊतीतून, उगम पावतात. त्यामुळे एका बीतून कधी दोन-तीन रोपे निघतात. नर जवळ असल्यास लैंगिक बीजधारणाही होत असावी, असे काही अभ्यासक मानतात. दोन्ही प्रकार स्थलपरत्वे चालत असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अलैंगिक भ्रूणाचे रोप मात्र आईचीच प्रत असते. बियांची लागवड म्हणजे आपोआप वैविध्य, असे समजू नये.

पद्धती : पिकलेल्या लाल फळांचा गर काढून बी धुतात. काळी बी घ्यावी. पिवळट-पांढरी सहसा रुजत नाही, आणि एकाच झुडपावर दोन्ही सापडतात. उगवण एकूण कमीच, पुष्कळदा शेकडा पाचच्या आसपास. एका बीतून आलेली रोपे लहानपणीच वेगळी करतात. सोलापूरच्या काळ्या, चिकण जमिनीत परतीच्या पावसाचे पाणी साचून मुळे कुजण्याचा धोका असतो. मुरमाड उतार व वाळूमिश्रित पिशव्या बऱ्या.

रोपवाटिकांत छाटकलमाचीच (फांदीचा तुकडा लावून केलेल्या रोपाची) चलती आहे, कारण ते सोपे व लवकर वाढते. परंतु कलमाला सोटमूळ नसते, जोराच्या वाऱ्यात ते कलंडते. उघड्या माळावर बियांचे रोप सरस ठरते. बी एकाच झुडपाची न घेता अनेक मातृवृक्षांची, वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेली असावी.