शांतता-उभारणी : मराठवाड्याच्या अनुभवातून

सशस्त्र संघर्ष थांबल्यावर समाजाला पुन्हा एकत्र नांदता यावे म्हणून जे लांबलचक काम करावे लागते, ते म्हणजे शांतता-उभारणी. बंदुका थांबवणे सैन्याच्या किंवा तहाच्या हाती असते. पण ज्याचे घर जळले आणि ज्याने जाळले, त्या दोघांनी एकाच शिवारात पेरणी कशी करायची, हा प्रश्न तहात सुटत नाही. नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ साली निव्वळ हिंसा थांबणे आणि अन्यायाची मुळे नाहीशी होणे यांत फरक केला. पहिलीला नकारात्मक आणि दुसरीला सकारात्मक शांतता म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या कामकाजात ही कल्पना १९९२ नंतर रुळली आणि २००५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला गेला.

मराठवाड्याला हा विषय परका नाही. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे तेव्हाचे पाच जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९४७–४८ मध्ये रझाकारांनी, म्हणजे संस्थान भारतात विलीन होऊ नये म्हणून हत्यार उचललेल्या निजामाच्या बाजूच्या स्वयंसेवकांनी, गावे लुटली, जाळली, माणसे मारली. हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शी, वऱ्हाडाकडे गेली. रझाकारांना विरोध करणारे मुसलमानही होते. भारतात विलीन व्हा असे लिहिणारे हैदराबादचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. या कारवाईला लोक ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. तो आनंदाचा दिवस आहे आणि तसाच राहायला हवा.

त्यानंतरच्या आठवड्यांविषयी मात्र फार कमी बोलले जाते. रझाकारांचा सूड त्यांच्याशी काही संबंध नसलेल्या मुसलमान शेतकरी, विणकर, दुकानदारांवर उगवला गेला. पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानच्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरून अहवाल दिला. तिच्या अंदाजाने सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना बसली. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करायचा. त्या लातुरात कत्तल वीस दिवसांहून अधिक चालल्याचे समितीने नोंदवले. याच अहवालात आणखी एक नोंद आहे, आणि शांतता-उभारणीच्या दृष्टीने ती आकड्यांइतकीच मोलाची आहे. अनेक ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. एका धंद्यातल्या माणसांत ही माया विशेष दिसली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना स्वतःचा जीव गमावूनही राखले. ज्यांचे पोट एकाच मागावर चालते त्यांच्यात वैर सहजासहजी रुजत नाही, एवढे त्यातून उघड दिसते.

तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. दक्षिण आफ्रिकेने वर्णभेद संपल्यावर सत्य आणि समेट आयोग नेमून, आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली, पीडितांचे आणि अत्याचाऱ्यांचे जबाब भर सभेत ऐकले. रवांडाने १९९४ च्या नरसंहारानंतर ‘गाचाचा’ नावाची गावपातळीवरची न्यायालये बसवली. ती पंचायतीसारखी उघड्यावर भरत. दोन्ही प्रयोगांवर टीका झाली; गुन्हेगार स्वस्तात सुटले, साक्षीदारांवर दडपण आले, असे आक्षेप आले. तरी जे घडले ते चारचौघांत बोलले गेले. मराठवाड्यात ती सोय कुणालाच मिळाली नाही. रझाकारीत नवरा गमावलेल्या बाईला नाही, आणि ॲक्शननंतर गमावलेल्या बाईलाही नाही.

राज्यकारभार मात्र झपाट्याने बदलला. मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या लष्करी प्रशासनानंतर १९५० मध्ये मुलकी मंत्रिमंडळ आले आणि १९५२ ला निवडणूक होऊन लोकनियुक्त सरकार बसले. १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. हे काम मूलगामी होते, कारण रझाकारी ही केवळ धर्माची भांडणे नव्हती. जमीन, वसुली आणि वेठ यांची ओझीही तिच्याखाली होती. पण जहागिरीवर पोसलेले शिपाई, कारकून, नोकर बेकार झाले. हत्यार काढून घेतलेल्या हातांना काम देणे हा शांतता-उभारणीतला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि तिथेच बहुतेक सरकारे हात आखडतात.

जमिनीचा प्रश्न किती खोल होता हे शेजारच्या तेलंगणात दिसते. तिथे कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालचा सशस्त्र लढा ऑक्टोबर १९५१ पर्यंत चालू होता. त्याच मुलखात नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीला १८ एप्रिल १९५१ रोजी विनोबा भावे पोहोचले. गावातल्या दलित कुटुंबांनी ऐंशी एकर मागितली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदान इथून सुरू झाले. पुढे दान मिळालेली पुष्कळ जमीन नापीक किंवा तंट्याची निघाली, पण बंदुकीच्या टापूत नि:शस्त्र माणसाने पायी जाऊन जमिनीविषयी बोलणे ही गोष्ट आजही अभ्यासण्यासारखी आहे.

मराठवाड्याने पुढे आणखी एक जखम पाहिली. ती युद्धातली नसली तरी याच नोंदीत बसते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळाली, माणसे मेली, कित्येकांना गाव सोडावे लागले. ठराव आणि अंमलबजावणी यांत साडेपंधरा वर्षे गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. आंबेडकरांचे नाव आले आणि मराठवाडाही राहिला. दर वर्षी त्या तारखेला माणसे लेकराबाळांसह विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी येतात आणि कमानीपुढे हात जोडतात.