मीटरवरची जोडी नियमात बसते का?

रिक्षाच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर अंतर आणि भाडं असे दोन आकडे दिसतात. अंतर आधी आणि भाडं नंतर असं ठरवून लिहिलं की झाली क्रमित जोडी. (२, ३५) म्हणजे दोन किलोमीटरला पस्तीस रुपये. (३५, २) लिहिलंत तर पस्तीस किलोमीटरला दोन रुपये. क्रम बदलला की अर्थच बदलतो.

जोडी तपासायला आधी नियम हवा. मुंबई महानगर प्रदेशात, म्हणजे ठाणे आणि नवी मुंबईतही, १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेला दर असा: पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे प्रत्येक किलोमीटरला १७.१४ रुपये. म्हणून

भाडे = २६ + १७.१४ × (अंतर − १.५)

आता (४, ६९) ही जोडी घ्या. अंतराच्या जागी ४ ठेवा. दीड वजा केल्यावर उरले अडीच, त्याचे ४२.८५ रुपये, त्यात २६ मिळवले की ६८.८५. पूर्ण रुपयांत ६९. जोडी बसली. (६, ११०) मात्र बसत नाही, कारण सूत्र १०३.१३ देतं.

वहीत इथे 'नाही' लिहून पुढचं गणित घेतात. मला मात्र खरी गंमत इथूनच सुरू होते असं वाटतं. वरचे सात रुपये कुठून आले? घोडबंदर रोडवर रिक्षा कोंडीत अडकली असेल तर मीटर थांबण्याचेही पैसे मोजतो. आपल्या सूत्रात फक्त अंतर आहे, वेळ नाहीच. त्यामुळे न बसणारी जोडी दिसली की लगेच रिक्षावाल्यावर संशय घेणं बरोबर नाही. आकडा चुकला असेल किंवा आपला नियम अपुरा असेल, दोन्ही शक्य आहे. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ भाडं सव्वापट होतं. तेव्हा सहा किलोमीटरला १२९ रुपये बरोबर असतात, आणि हीच जोडी दुपारी चुकीची ठरते.

उलटही घडतं. कंस सोडवला तर सूत्र होतं १७.१४ × अंतर + ०.२९. म्हणजे सुरुवातीचे २६ रुपये हा वेगळा आकार नाही. तो दीड किलोमीटरचाच दर आहे, वर जेमतेम २९ पैसे. या सूत्रात अर्धा किलोमीटर घातला तर ८.८६ रुपये येतात. समीकरणात जोडी अचूक बसली, पण अर्ध्या किलोमीटरलाही २६ रुपयेच द्यावे लागतात, कारण सूत्र दीड किलोमीटरपासून पुढेच लागू आहे. नियम कुठल्या अंतरापासून चालतो हे पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही, आणि मुलं नेमकं हेच विसरतात.

समजा कुणी म्हणालं, "सरळ किलोमीटरला साडेसतरा रुपये धरा." (२, ३५) या नियमातही बसते आणि खऱ्या दरातही. एकच जोडी जुळली म्हणून नियम सिद्ध होत नाही, कारण जोडी म्हणजे आलेखावरचा एक बिंदू, आणि एका बिंदूतून हव्या तेवढ्या रेषा जातात. चार किलोमीटरला हा नियम ७० सांगतो, खरा दर ६९. एवढा फरक पूर्ण रुपये करताना झाला असेल असं कुणालाही वाटेल. मग लांबची जोडी घ्यायची. वाशीहून बेलापूरला जाताना मीटरवर दहा किलोमीटर दिसले की साडेसतराच्या नियमाने १७५ व्हायला हवेत आणि दरपत्रकाने १७१.६९, म्हणजे १७२. वाटेत फारसं थांबावं लागलं नसेल, तर मीटरवरचा आकडा दोनांपैकी एकच नियम ठेवतो.