कीटोमध्ये प्रोटीन किती? या वादामागची शंभर वर्षं

कीटो, म्हणजे कार्ब्ज अगदी कमी आणि फॅट भरपूर असा आहार, सुरू केलेल्यांना भात-पोळी सोडणं लवकर जमतं. गोंधळ प्रोटीनपाशी होतो. एक जण सांगतो, वजनाच्या किलोमागे एक ग्रॅमच्या वर जाऊ नका. दुसरा म्हणतो, दीड ग्रॅम तरी हवंच. हे दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या माणसांसाठी ठरले होते.

पहिला आकडा फिट येणाऱ्या मुलांचा. उपास घडला की झटके कमी होतात, असं १९११ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. पण मुलाला उपाशी ठेवायचं तरी किती दिवस? १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की, उपासात रक्तात वाढणारे कीटोन (शरीर फॅट जाळतं तेव्हा यकृतात बनणारे पदार्थ) मूल जेवत असतानाही वाढवता येतील. त्यासाठी जेवण जवळजवळ सगळं स्निग्ध हवं. ‘कीटोजेनिक’ हे नावही त्यांचंच. तिथल्याच पीटरमन यांनी ताट ठरवलं : किलोमागे एक ग्रॅम प्रोटीन, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कार्ब्ज, बाकी सगळं फॅट. तो एक ग्रॅम मुलाची वाढ खुंटू नये म्हणून होता. पुढे रूढ झालेल्या ४:१ प्रमाणात चार ग्रॅम फॅटला प्रोटीन आणि कार्ब्ज मिळून एकच ग्रॅम, म्हणजे ९० टक्के उष्मांक फॅटचे.

प्रोटीनला एवढा लगाम का, तर त्या काळच्या हिशोबामुळे. अमेरिकन डॉक्टर रोलिन वुडयॅट यांच्या मांडणीत १०० ग्रॅम प्रोटीनमागे ५८ ग्रॅम साखरेच्या, म्हणजे कीटोन रोखणाऱ्या बाजूला आणि ४६ कीटोनच्या बाजूला धरले जात. प्रोटीन तराजूच्या दोन्ही पारड्यांत! मला हा ५८ चा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. तो फ्लोरिझिन दिलेल्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून आलेला आहे. या द्रव्यामुळे साखर लघवीतून सतत वाहून जाते आणि शरीर ती पुन्हा पुन्हा बनवत राहतं. म्हणजे ५८ ही जास्तीत जास्त शक्यता झाली. निरोगी माणसाने खाल्लेल्या पनीरची निम्मी साखर होते, असा अर्थ त्यातून काढू नये.

फॅट फार कमी केलं तर काय होतं, तेही लवकरच दिसलं. १९२८ मध्ये उत्तर ध्रुव प्रदेशात राहून आलेले संशोधक स्टेफानसन न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात निव्वळ मांसाहारावर राहिले. सुरुवातीला त्यांना चरबी नसलेलं मांस दिलं, तर दोन-तीन दिवसांतच मळमळ आणि जुलाब. चरबी सुरू केली आणि ते सावरले. चरबी नसली की मांसात जवळजवळ प्रोटीनच उरतं. यकृत प्रोटीनमधल्या नायट्रोजनचा युरिया करतं, पण त्यालाही मर्यादा असते. स्टेफानसन आणि त्यांचे सोबती पुढे वर्षभर मांसावर राहिले तेव्हा उष्मांकांचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग चरबीचा होता.

१९३८ नंतर फेनिटॉइन हे फिट रोखणारं औषध आलं आणि मुलांचा हा आहार मागे पडला.

दुसरा आकडा १९७० च्या दशकातला, वजन उतरवणाऱ्यांचा. बोस्टनमध्ये डॉक्टर जॉर्ज ब्लॅकबर्न यांनी अतिशय कमी उष्मांकांच्या आहारात आदर्श वजनाच्या किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन ठेवलं. हेतू हा की स्नायू झिजू नयेत. ताटात फॅट कमी चालत असे, कारण ते अंगावरच होतं. पण त्याच दशकात काहींनी कोलॅजनपासून बनवलेल्या पातळ प्रोटीनवरच दिवस काढले आणि अमेरिकेत त्यातून मृत्यू झाले. निकृष्ट प्रोटीन आणि अपुरी खनिजं, दोन्ही घातक ठरली. १९८३ मध्ये अमेरिकन संशोधक स्टीफन फिनी यांनी सायकलपटूंना किलोमागे १.७५ ग्रॅम प्रोटीन, २० ग्रॅमहून कमी कार्ब्ज आणि पुरेशी खनिजं दिली. वजन टिकवायचं होतं, म्हणून उरलेलं सगळं फॅट. चार आठवड्यांनंतरही त्यांचा दम टिकला.

कच्च्या तूरडाळीच्या १०० ग्रॅममध्ये प्रोटीन २२ ग्रॅमच्या आसपास आणि कार्ब्ज त्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे आपल्याकडच्या शाकाहारी माणसाचं प्रोटीन बहुतेक वेळा कार्ब्ज घेऊनच येतं, आणि पनीर, दही, अंडी यांपैकी काय चालतं यावर पुढचं सगळं अवलंबून राहतं. झटक्यांसाठी आहार करायचा असेल तर मात्र तो डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.